वाहाकातील बिऱ्हाड : दक्षिण मेक्सिकोतील परदेशी रहिवाशाचे रोजचे जगणे, गावरिवाज आणि जवळचे प्रवास

दक्षिण मेक्सिकोतील वाहाका हे शहर जवळजवळ रत्नागिरीच्या अक्षांशावर आहे. फरक एवढाच की ते समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, तीन दऱ्या जेथे मिळतात तेथे वसलेले आहे. त्यामुळे एप्रिलचे ऊन कोकणासारखे भाजते, पण घाम येत नाही, आणि रात्री पांघरूण लागते. पाऊस मेअखेरीस सुरू होतो, ऑक्टोबरात ओसरतो. देवळापुढे फुलणारा खुरचाफा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, परसातला पेरू, चिकू, सीताफळ आणि पपई, शिवाय रोजच्या फोडणीतली मिरची या साऱ्यांचे मूळ याच भूप्रदेशात किंवा त्याच्या आसपास आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी ती झाडे आपल्याकडे आणली. उलट दिशेने आंबा, नारळ आणि चिंच तिकडे गेली. मेक्सिकोतील आंब्याच्या एका लोकप्रिय जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात, कारण १५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या गलबतांचा तो वारसा आहे. गोव्याच्या वा कोकणाच्या माणसाला वाहाकाच्या बाजारात पहिल्याच दिवशी निम्म्या टोपल्या ओळखीच्या वाटतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मेक्सिकोत स्थायिक झालेल्या परदेशी लोकांत अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्तांचा भरणा मोठा. त्यांच्या वसाहती चापाला सरोवराच्या काठी आणि सान मिगेल दे आयेंदे येथे जुन्या आहेत. भारतीयांची संख्या काही हजारांच्या घरातली. ते बहुधा संगणक, औषधे आणि मोटारींचे सुटे भाग या उद्योगांच्या निमित्ताने मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा, केरेतारो आणि मोंतेर्रेई येथे असतात. वाहाकात उद्योग थोडे. तेथे येणारा परदेशी माणूस संशोधक, शिक्षक, चित्रकार, निवृत्त किंवा दूरच्या कार्यालयाचे काम घरून करणारा तरुण असतो. या शेवटच्या वर्गाची संख्या करोनानंतर वाढली आणि तिच्यामुळे शहराचे बरेच काही बदलले.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला जाण्यास व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असल्यास पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. ज्या गोमंतकीयांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे त्यांनाही पर्यटनासाठी व्हिसाची गरज नसते. या सवलतीत मुक्कामाची कमाल मर्यादा १८० दिवसांची. पण किती दिवस द्यायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो. विमान अमेरिकेतील एखाद्या विमानतळावर बदलायचे असेल तर नुसत्या पारगमनासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवा, ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

राहायला जाणाऱ्याने आपल्या देशातील मेक्सिकन वकिलातीतून तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा घ्यायचा असतो. तो घेऊन देशात प्रवेश केल्यावर ३० दिवसांच्या आत तेथील स्थलांतर कार्यालयात जाऊन रहिवासी कार्डाची प्रक्रिया सुरू करावी लागते. पहिले कार्ड सहसा एक वर्षाचे. पुढे नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत राहता येते आणि त्यानंतर कायम रहिवासाचा अर्ज करता येतो. जन्मदाखला, विवाहदाखला यांवर अपोस्टिलचा शिक्का भारतातूनच मारून न्यावा. भाषांतर मात्र तेथील अधिकृत अनुवादकाकडून करून घ्यावे लागते.

मराठी माणसाची खरी अडचण नावाची. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. अर्जात तीन रकाने असतात. त्यांत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी आपली मांडणी भरली की वडिलांचे नाव पितृकुळाचे आडनाव ठरते आणि खरे आडनाव आईच्या रकान्यात जाते. एकदा ओळखक्रमांक तसा तयार झाला की बँक, वीज, भाडेकरार सगळीकडे तीच चूक फिरत राहते. पासपोर्टवर जसे आहे तसेच नोंदवले गेले की नाही, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहणे शहाणपणाचे.

घर आणि पाणी

जुन्या शहरातील घरे हिरवट दगडाची, जाड भिंतींची, बहुधा एकमजली. रस्त्याकडे एक दार व लोखंडी गजांच्या खिडक्या; आत मोकळे अंगण आणि त्याभोवती खोल्या. गोव्यातील राजांगणाचे घर ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. भूकंपाच्या प्रदेशात इमारती ठेंगण्या ठेवण्याचे कारणही स्पष्ट आहे. ७ सप्टेंबर २०१७ रोजी ८.२ तीव्रतेचा भूकंप याच राज्याच्या दक्षिणेकडील तेहुआंतेपेक भागाजवळ झाला आणि हुचितान गावाची मोठी हानी झाली. १९ सप्टेंबर ही तारीख तर मेक्सिकोत विचित्रच ठरली आहे. १९८५, २०१७ आणि २०२२ अशा तीन वर्षी याच दिवशी मोठे भूकंप झाले. दरवर्षी त्या दिवशी देशभर सराव होतो. भोंगा वाजला की भांडे चुलीवर तसेच सोडून अंगणात यायचे, हे शेजारची म्हातारीच नव्या भाडेकरूला शिकवते.

भाडेकरार करताना घरमालक स्थानिक जामीनदार मागतो, आणि त्याच्या नावावर त्याच शहरात घर असावे अशीही अपेक्षा असते. नव्या माणसाकडे असा जामीनदार कोठून येणार? तेव्हा जादा अनामत रक्कम देऊन तडजोड होते.

घर पाहताना खोल्यांपेक्षा पाण्याची चौकशी आधी करावी. वाहाकात नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक वस्त्यांत ते आठवड्याने येते, कोरड्या महिन्यांत त्याहून मोठ्या अंतराने. म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली हौद आणि गच्चीवर ‘तिनाको’ म्हणजे प्लॅस्टिकची टाकी असते. हौद आटला की टँकर बोलवायचा. त्याला तेथे ‘पिपा’ म्हणतात. नळाचे पाणी पिण्यासाठी नसते. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारमधून विकत घ्यावे लागते आणि ते विकणारा मुलगा तीनचाकी सायकलवरून आरोळी देत फिरतो. गॅसची गाडी, कल्हईवाल्यासारखा फिरणारा धार लावणारा, वाफेची शिट्टी वाजवीत रताळी विकणारा या प्रत्येकाचा आवाज ठरलेला आहे. दोन महिन्यांत परदेशी माणूस घड्याळाऐवजी या आवाजांवर दिवस मोजू लागतो.

चुना, मका आणि जेवणाच्या वेळा

मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. सकाळी उशिरा एक भरपेट न्याहारी, रात्री हलके काहीतरी. दुपारी साध्या खाणावळीत ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते. त्यात सार, भात, एक मुख्य पदार्थ, मक्याच्या भाकऱ्या आणि फळांचे पाणी एका ठरलेल्या दरात वाढतात. त्या पाण्यातले गडद लाल, आंबटसर पाणी आपल्या लाल अंबाडीच्या फुलांच्या बोंडांचे असते, हे बहुतेक मराठी माणसांना तेथे गेल्यावरच कळते.

सगळ्याचा पाया मका. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच भिजत ठेवतात. साल सुटते, मग दळून पीठ मळतात. या एका कृतीने मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते आणि चुन्याचे कॅल्शियमही पोटात जाते. मका युरोपात गेला, चुन्याची रीत मात्र मागे राहिली. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या इटली-स्पेनमधील गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोतील बायकांना हजारो वर्षे जे ठाऊक होते ते वैद्यकाला विसाव्या शतकात उमगले. वाहाकात मातीच्या ‘कोमाल’ तव्यावर भाजलेली मोठी, कडक भाकरी असते. तिच्यावर वाटलेले काळे घेवडे, दोऱ्यासारखे सुटणारे चीज आणि तिखट चटणी पसरली की तिला ‘त्लायुदा’ म्हणतात.

शाकाहारी माणसाची फसगत येथेच होते. घेवड्यांत डुकराची चरबी असते, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको’ असे वेगवेगळे सांगावे लागते. सांगितले की कोणी रागावत नाही. निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, भोपळ्याची फुले, मक्यावर वाढणारी काळी बुरशी, तऱ्हेतऱ्हेचे घेवडे यांवर शाकाहारी माणूस तेथे उत्तम जगतो.

‘मोले’ या रसाबद्दल वाहाका प्रसिद्ध आहे. तेथे त्याचे सात प्रकार मोजतात. काळ्या मोलेत वीसहून अधिक जिन्नस जातात. मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, त्यांच्या बियाही जाळायच्या, मग तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग आणि कडू चॉकलेट. शाकुतीचे वाटप भाजणाऱ्या हाताला यातली शिस्त लगेच कळते. चवीची तुलना मात्र करू नये. शहरातील मीना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. तेथे आपल्या पसंतीच्या प्रमाणात कोको, बदाम, दालचिनी आणि साखर समोर दळून देतात. ते पाण्यात किंवा दुधात लाकडी रवीने घुसळून पितात, सोबत अंड्याचा मऊ पाव. आणखी एक पेय ‘तेहाते’. मका, कोको, मामेय फळाची बी आणि एक सुगंधी फूल वाटून हाताने फेसाळलेले. ते भोपळ्याच्या रंगीत कटोरीत देतात, आणि उन्हात त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

बोलण्याची रीत

दुकानात शिरताच किंमत विचारणे हे उद्धटपणाचे लक्षण मानतात. आधी ‘शुभ सकाळ’, मग काम. खाणावळीतून बाहेर पडताना अनोळखी जेवणाऱ्यांनाही ‘प्रोवेचो’ म्हणजे ‘जेवण अंगी लागो’ असे म्हणण्याची चाल आहे. ‘तू’ आणि ‘आपण’ हा भेद स्पॅनिशमध्येही असल्याने मराठी माणसाला तो इंग्रजीभाषकांपेक्षा लवकर साधतो. वयाने मोठ्यांना आणि बाजारातल्या बायकांना आदरार्थीच बोलावे.

दोन शब्दांपाशी मात्र सगळे अडतात. ‘आओरिता’ या शब्दाचा कोशातला अर्थ ‘आत्ताच’; प्रत्यक्षात तो पाच मिनिटांपासून ‘कधीही नाही’ पर्यंत पसरतो. नळ दुरुस्त करणाऱ्याने तो वापरला तर दिवस रिकामा ठेवू नये. दुसरा घोटाळा घराचा. यजमान म्हणतो, ‘शनिवारी आपल्या घरी जेवण आहे.’ नवखा गोंधळतो, कारण त्याने कोणालाच बोलावलेले नसते. तेथे सौजन्याने स्वतःच्या घराला ‘आपले घर’ म्हणजे ‘तुमचे घर’ म्हणतात.

वाहाका राज्यात डझनाहून अधिक मूलनिवासी लोकसमूह आहेत. सापोतेक आणि मिश्तेक हे त्यांतले मोठे. बाजारात कानावर पडणारी भाषा पुष्कळदा स्पॅनिश नसते. मेक्सिकोचे थोर राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस हे सापोतेक कुळातले. त्यांचा जन्म १८०६ मध्ये या राज्यातील गेलाताओ या डोंगरी गावात झाला आणि बालपणी त्यांना स्पॅनिश येत नव्हती.

आठवड्याचे बाजार

दरीतील गावांचे बाजाराचे वार ठरलेले आहेत. एत्ला बुधवारी, साचिला गुरुवारी, ओकोत्लान शुक्रवारी, त्लाकोलुला रविवारी. स्पॅनिश येण्यापूर्वीपासून ही पद्धत चालत आली आहे. म्हापशाचा शुक्रवार ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याने ओकोत्लानला जावे. कुंभार, विळे-कोयते, मिरच्यांचे ढीग आणि गुरांचा बाजार यांची मांडणी पाहून त्याला घरी आल्यासारखे वाटेल. त्लाकोलुलाचा रविवार सर्वांत मोठा. जिवंत टर्की हाताखाली धरून उभ्या बायका, लिंबू-मीठ-लसूण लावून भाजलेले नाकतोडे, चुन्याचे खडे, कोपालचा धूप. घासाघीस होते, पण थोडीच. हाताने विणलेल्या शालीचा भाव अर्ध्यावर आणणारा गिऱ्हाईक तेथे हुशार मानला जात नाही.

गेलागेत्सा आणि तेकियो

जुलैमध्ये सोळा तारखेनंतरच्या दोन सोमवारी शहराच्या टेकडीवर ‘गेलागेत्सा’चा उत्सव होतो. हुआरेस यांची पुण्यतिथी, म्हणजे १८ जुलै, सोमवारी आली तर तो आठवडाभर पुढे जातो. राज्याच्या आठ विभागांतील पथके नाचतात आणि शेवटी आपल्या भागातील फळे, पाव, विणलेल्या टोपल्या प्रेक्षकांत उधळतात. डोक्यावर अननस घेऊन बायका नाचतात तो प्रसिद्ध नाच प्राचीन वाटतो. प्रत्यक्षात तो १९५८ मध्ये बसवलेला आहे. पुढच्या आसनांची तिकिटे सामान्य वाहाकाकराच्या आवाक्यात नसतात, ही तक्रार दरवर्षी असते. २००६ मध्ये शिक्षकांच्या आंदोलनाने शहर पेटले तेव्हा सरकारी उत्सव रद्द झाला आणि आंदोलकांनी आपला लोकांचा, फुकट गेलागेत्सा केला.

मूळ शब्दाचा अर्थ मात्र नाचाशी निगडित नाही. सापोतेक भाषेत तो देवाणघेवाणीचा करार आहे. घरात लग्न असले की शेजारी मका, टर्की, कोको, मेस्काल घेऊन येतात. ते भेट म्हणून येत नाही, ऋण म्हणून येते. काही गावांत कोणी किती दिले ते वहीत उतरवून ठेवतात आणि वर्षांनंतर, त्या घरी लग्न निघाले की तितकेच परत जाते. वडिलांचे देणे मुलगा फेडतो. आपल्याकडील आहेराच्या वहीशी याचे नाते उघड आहे. तेथे ती वही गावाच्या अर्थव्यवस्थेचाच भाग आहे.

दुसरी संस्था ‘तेकियो’, म्हणजे गावासाठी बिनमोल श्रम. रस्ता, पाण्याची वाहिनी, शाळेची भिंत, जंगलातील वणवा या कामांना प्रत्येक घरातून एक माणूस जातो. याखेरीज गावाची पदे असतात. शिपायापासून सुरुवात करून माणूस वर्षानुवर्षे एकेक पद भूषवीत वर चढतो आणि त्यांतील बरीच पदे बिनपगारी असतात. राज्यात ५७० पालिका आहेत. त्यांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी राजकीय पक्षांविना, गावसभेत, रूढीनुसार कारभारी निवडले जातात. अमेरिकेत मजुरीला गेलेला गावकरीही यातून सुटत नाही. त्याला पद आले तर परत यावे लागते, नाहीतर बदली माणसाचे पैसे भरावे लागतात. चुकवले तर गावातील हक्क धोक्यात येतात. गावकरी आणि कोमुनिदाद यांचा इतिहास जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकाला हक्क आणि कर्तव्य यांची ही सांगड नवी वाटणार नाही, जरी दोन्ही व्यवस्थांचा घाट वेगळा आहे.

अशा गावात घर भाड्याने घेतलेल्या परदेशी माणसाचे स्थान काय? कायद्याने तो कर देतो, भाडे देतो आणि तेवढ्यावर मोकळा असतो. गावाच्या हिशेबात तेवढे पुरत नाही. पाण्याची वाहिनी ज्यांनी खांद्यावर वाहून आणली त्यांच्या शेजारी तो नळ उघडतो. काही गावांत अशा रहिवाशाकडून वर्षाची वर्गणी घेतात, काही ठिकाणी रविवारी फावडे घेऊन ये म्हणून निरोप येतो. जो जातो त्याला दगड उचलता आला नाही तरी चालते. त्याचे नाव हजेरीत लागते आणि पुढच्या लग्नाला त्याला बोलावणे येते.

मृतांचे दिवस

ऑक्टोबरच्या अखेरीस दरीतील शेते झेंडूने पिवळी होतात. ‘सेंपासुचिल’ हे त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतून आले. घरोघरी उसाची कमान उभारून तिच्याखाली वेदी मांडतात. फोटो, पाणी, मीठ, फळे, मोले, चॉकलेट, मृताची आवडती सिगारेट किंवा बाटली, आणि वर मातीचा छोटा चेहरा बसवलेला पाव. ३१ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर हे लहान मुलांच्या आत्म्यांचे, पुढचा काळ मोठ्यांचा. २ नोव्हेंबरला निरोप. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. पंचांग एकच, मनोवृत्ती निराळी. वाहाकात थडग्याशेजारी रात्रभर बसतात, खातात, पितात, बँड बोलावतात.

मेक्सिको सिटीतील सांगाड्यांची भव्य मिरवणूक प्राचीन समजून पाहायला जाणारे पुष्कळ आहेत. ती २०१६ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली होती म्हणून. वाहाकाजवळच्या होहोकोत्लानच्या दफनभूमीत मात्र त्या रात्री घरचे लोक कमी आणि कॅमेरे जास्त अशी अवस्था होऊ लागली आहे. शहरात राहणाऱ्या परदेशी माणसाने तेथे जाण्यापेक्षा शेजारच्या घरी पाव आणि फुले घेऊन जावे. त्या दिवसांत वेदीसाठी काहीतरी घेऊन येणाऱ्याला कोणीही दारातून परतवीत नाही.

वर्षाचे बाकीचे सण थोडक्यात. १२ डिसेंबर ग्वादालुपेच्या मातेचा. २३ डिसेंबरला मुख्य चौकात मुळ्यांच्या कोरीव मूर्तींची स्पर्धा, ही १८९७ पासूनची. ६ जानेवारीला गोल पावाच्या तुकड्यात ज्याला लपवलेली बाहुली सापडेल त्याने २ फेब्रुवारीला सर्वांना तामाले खाऊ घालायचे. कार्यालयात पहिल्याच वर्षी ती बाहुली परदेशी सहकाऱ्याच्या तुकड्यात निघाली की सगळे फार खूश होतात.

भाडे, जमीन आणि राग

२०२५ मध्ये मेक्सिकोतील किमान वेतन दिवसाला २७८ पेसो ८० सेंताव्हो होते. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला वाहाका स्वस्त वाटते ते याच आकड्यामुळे. जुन्या शहरातील घरे अल्पमुदतीच्या पर्यटक-निवासांत बदलली, भाडी चढली आणि मूळ कुटुंबे डोंगरउतारावरील वस्त्यांत, जेथे पाणी आणखी कमी येते, सरकली. जानेवारी २०२४ मध्ये याविरुद्ध शहरात मोर्चा निघाला; जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीतील रोमा आणि कोंदेसा भागांतही निदर्शने झाली. भिंतींवरच्या घोषणा परदेशी माणसाला उद्देशून इंग्रजीतही लिहिलेल्या असतात. गोव्यातील किनारी गावांत जागेच्या किमतींवरून जे बोलले जाते तेच येथे ऐकू येते, म्हणून तेथून गेलेल्या माणसाला हा राग समजायला जड जाऊ नये.

जमीन घेण्याच्या भानगडीत न पडलेले बरे. घटनेच्या २७व्या कलमानुसार किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी मिळत नाही. बँकेच्या नावे विश्वस्त-करार करावा लागतो. शिवाय वाहाकातील बहुतांश जमीन सामुदायिक आहे. ती कोणा एकाला विकता येत नाही, तरी साध्या कागदावर सही करून विकणारे भेटतात. पैसे जातात, वर गावसभेचा विरोध पदरी पडतो.

जवळचे प्रवास

मोंते आल्बान शहरापासून जेमतेम नऊ किलोमीटर. डोंगराचा माथा सपाट करून सापोतेकांनी इसवी सनापूर्वी सुमारे ५०० मध्ये वसवलेली ही राजधानी, आणि वाहाकाचे जुने शहर, यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. १९३२ मध्ये आल्फोन्सो कासो यांनी येथील सात क्रमांकाची कबर उघडली. तिच्यातील सोने आता शहरात सांतो दोमिंगोच्या मठात पाहता येते. सकाळी लवकर जावे, सावली नाही. मित्लाची वास्तू निराळी. तेथे हजारो कापीव दगड चुन्याविना एकमेकांत बसवून भिंतींवर नागमोडी नक्षी साधली आहे. वाटेत तुलेचा वृक्ष लागतो. चर्चच्या आवारातील या सुरूवर्गीय झाडाचा घेर सुमारे ४२ मीटर भरतो आणि जाडीत जगात त्याच्यापुढे कोणी नाही.

येर्वे एल आग्वा येथे खनिजयुक्त पाण्याने कड्यावर गोठलेल्या धबधब्यासारखे थर रचले आहेत. गावाच्या वादातून हे ठिकाण २०२१ मध्ये बंद होते. जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि वाटेत प्रत्येक गाव स्वतंत्र शुल्क घेते त्याबद्दल वाद घालू नये. तेओतित्लान देल व्हाये येथे निवडुंगावरच्या किड्यापासून केलेल्या लाल रंगात लोकर रंगवून गालिचे विणतात. मातात्लान हे मेस्कालचे गाव. घायपाताच्या कुळातील आगावे वनस्पती सहा-आठ वर्षे वाढवायची, तिचा गड्डा जमिनीतील भट्टीत भाजायचा, घोड्याने फिरवलेल्या दगडाखाली चेचायचा, आंबवून दोनदा गाळायचा. मेस्कालला १९९४ मध्ये उत्पत्तिस्थानाचे संरक्षण मिळाले, काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक. मागणी वाढल्यापासून रानटी आगावे दुर्मीळ होत चालले आहेत आणि डोंगर साफ करून एकाच जातीची लागवड होते आहे; चांगला गाळणारा आपण होऊन ते सांगतो.

उत्तरेकडील डोंगरात आठ गावांनी मिळून ‘पुएब्लोस मांकोमुनादोस’ ही व्यवस्था उभारली आहे. तीन हजार मीटरच्या आसपास पाइनचे जंगल, लाकडी कुटिरे, गावांना जोडणाऱ्या पायवाटा. वाटाड्या गावचाच असतो आणि उत्पन्न समुदायाकडे जाते.

मेक्सिको सिटीला बसने सहा ते सात तास. वाटेवरच्या पुएब्ला शहरात जेझुइटांच्या चर्चमध्ये कातारिना दे सान हुआन हिची समाधी आहे. ती भारतात जन्मली. चाच्यांनी पळवून कोची व मनिलामार्गे तिला मेक्सिकोत विकले. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. राजधानीच्या पूर्वेस चापिंगोचे कृषी विद्यापीठ. वर्ध्यात जन्मलेले गदर पक्षाचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ पासून तेथे शिकवीत होते, मक्यावर संशोधन करीत होते आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा चालवीत होते. डिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

समुद्राकडे जाणारा नवा महामार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. पूर्वी पुएर्तो एस्कोंदिदोला घाटातून सहा-सात तास लागत, आता सुमारे तीन. गर्दीही त्याच वेगाने पोचते. त्याच्या पूर्वेस एस्कोबियाचा किनारा आहे. मोरजी आणि गालजीबाग येथे ज्या ऑलिव्ह रिडले कासविणींची थोडी घरटी वनखाते कुंपण घालून जपते, त्याच जातीच्या कासविणी पावसाळ्यात येथे एका वेळी हजारोंच्या थव्याने अंडी घालायला येतात. जवळच्या मासुंते गावात पूर्वी त्यांचा कत्तलखाना होता. १९९० मध्ये शिकारीवर बंदी आली आणि गावाचा रोजगार एका दिवसात गेला. आता तेथे कासवांचे संशोधन केंद्र आहे आणि गावकरी पर्यटकांना होडीतून खाडी दाखवतात. अंडी घालण्याच्या रात्री किनाऱ्यावर स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. विजेरी लावायची झाल्यास तिच्यावर लाल कागद गुंडाळावा लागतो.